घर आपलं, बँड आपला, कर्ज पण आपलंच: टोन श्टाइने शेर्बेनची गोष्ट

एक जुनी ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही क्लिप आहे, ३ डिसेंबर १९७१ ची. पश्चिम जर्मनीतल्या डब्ल्यूडीआर चॅनलवर चर्चा चाललीये की पॉप म्युझिक हे बंड आहे का निव्वळ धंदा. चर्चेला रोल्फ-उलरिश कायझर नावाचा रेकॉर्ड कंपनीवाला आहे आणि त्याच्याशी भांडायला निकेल पालाट, एका रॉक बँडचा मॅनेजर. पालाट बराच वेळ तावातावाने बोलतो, की तुम्ही इथे बसून क्रांतीच्या गप्पा मारताय आणि शेवटी मालच विकताय, हा टीव्ही पण लोकांना दाबून ठेवायचंच यंत्र आहे, आणि असं बोलता बोलता कुऱ्हाड बाहेर काढतो आणि समोरच्या टेबलावर घाव घालायला लागतो. धाड, धाड, धाड. टेबल काही तुटत नाही. एवढे घाव घालून पण तुटत नाही. मग तो वैतागून टेबलावरचे माईक गोळा करतो, खिशात कोंबतो आणि सांगतो की हे तुरुंगातल्या पोरांसाठी लागतायत.

मी पहिल्यांदा बघितली तेव्हा हसूनच बघितली, बहुतेक सगळे हसूनच बघतात. पण ज्या बँडचा तो मॅनेजर होता त्या बँडची गोष्ट कळली ना, की टेबलाचं हसू येत नाही एवढं, कारण त्या चर्चेतला प्रश्न, म्हणजे बंडाची गाणी विकायची का, विकली तर कुणी, आणि फुकट गायली तर गाणाऱ्याचं घर कसं चालायचं, हाच प्रश्न त्या बँडला शेवटपर्यंत खात राहिला. बँडचं नाव टोन श्टाइने शेर्बेन. जर्मनीत नुसतं शेर्बेन म्हणतात.

नावापासून सुरू करू. टोन म्हणजे माती, कुंभाराची चिकणमाती, आणि त्याच शब्दाचा दुसरा अर्थ सूर. श्टाइने म्हणजे दगड. शेर्बेन म्हणजे फुटक्या भांड्यांचे तुकडे, आपल्या खापऱ्या. ट्रॉय शहर उकरून काढणारा हाइनरिश श्लीमान, त्याच्या वाक्यातून हे नाव घेतलं असं एक सांगतात, आणि बांधकाम मजुरांच्या युनियनचं नाव जर्मनमध्ये काहीसं असंच वाजायचं त्यावरून केलेली ती थट्टा होती असंही सांगतात. मला दोन्ही पटतं. दगड आणि खापऱ्या म्हटल्यावर दंगलीनंतरचा रस्ता डोळ्यासमोर येतो तो वेगळाच.

आता हे लोक कोण. गायक आणि गीतकार राल्फ म्योबियुस, जन्म ९ जानेवारी १९५०, बर्लिन. वडील सीमेन्समध्ये इंजिनियर, त्यामुळे लहानपण बदल्यांमध्ये, या गावातून त्या गावात. पुढे त्याने स्वतःला रियो राइझर म्हणायला सुरुवात केली, त्यातलं राइझर हे अठराव्या शतकातल्या एका जर्मन कादंबरीतल्या नायकाचं आडनाव. गिटारवर आर. पी. एस. लानरू, हा रियोचा शाळकरी वयापासूनचा दोस्त, चाली दोघांनी मिळून बांधलेल्या. बेसवर काय झिश्टरमान. ड्रमवर सुरुवातीला वोल्फगांग झायडल, नंतर ड्रमर बदलत गेले.

आणि हे सगळे रॉकवाले म्हणून एकत्र आलेच नाहीत, नाटकवाले म्हणून आले. रियोच्या दोन मोठ्या भावांची हॉफमान्स कॉमिक टिआटर नावाची फिरती नाटक मंडळी होती, आणि त्यातूनच रोटे श्टाइने म्हणजे लाल दगड असा एक ग्रुप निघाला, ज्यात कारखान्यात शिकाऊ उमेदवारी करणारी पोरंपोरी स्वतःच्याच आयुष्यावर नाटकं करायची, म्हणजे मालक कसा बोलतो, घरी बाप कसा वागतो, पगार किती हातात पडतो. त्या काळात पश्चिम बर्लिनमध्ये असल्या नाटकांची लाटच होती. (पुण्यातल्या वाचकांना यातला एक धागा ओळखीचा वाटेल. मुलांच्या खऱ्या प्रश्नांवर नाटक करणारं ग्रिप्स थिएटर हे त्याच शहरातलं, त्याच वर्षांतलं. ते १९८६ मध्ये मोहन आगाशेंमुळे मराठीत आलं आणि 'छान छोटे वाईट मोठे' झालं. शेर्बेन मात्र आपल्यापर्यंत पोचले नाहीत, आणि त्याचं कारण भाषा, त्यावर येतोच.)

त्या आधी शहर समजून घ्या, नाहीतर बाकी काही कळणार नाही. पश्चिम बर्लिन म्हणजे पूर्व जर्मनीच्या पोटात अडकलेलं बेट, १९६१ पासून भोवती भिंत. कागदोपत्री ते अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स यांच्या ताब्यात, त्यामुळे तिथे राहणाऱ्या पोरांना पश्चिम जर्मनीची सक्तीची लष्करी सेवा लागू नव्हती. म्हणजे ज्याला सैन्यात जायचं नाही तो बॅग भरून बर्लिनला. त्यात २ जून १९६७ ला इराणच्या शहाच्या विरोधातल्या मोर्चात बेनो ओनेझोर्ग हा विद्यार्थी पोलिसाच्या गोळीने मेला, पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये विद्यार्थी नेता रुडी डुच्के याच्या डोक्यात गोळ्या घातल्या गेल्या, आणि वातावरण पार पेटलं. वरून घराघरात एक न बोललेली गोष्ट होती, की बाबा, तू १९३३ ते ४५, म्हणजे हिटलरच्या राज्यात, काय करत होतास. ज्या पोरांनी हा प्रश्न विचारला त्यांना बहुतेक वेळा उत्तर मिळालं नाही, आणि ज्यांना मिळालं त्यांना ते ऐकवलं नाही.

क्रॉइत्सबेर्ग हा भाग भिंतीला खेटून. आधी शहराच्या मध्यात असलेली वस्ती, भिंत झाल्यावर एकदम टोकाला गेली. जुन्या चाळीवजा इमारती पाडून नवीन बांधायच्या, मधून हायवे काढायचा असा प्लॅन, म्हणून मालक दुरुस्ती करेनात, घरं रिकामी पडलेली. भाडं स्वस्त, म्हणून तिथे तुर्कस्तानातून आलेले कामगार, विद्यार्थी, घरातून पळालेली पोरं. शेर्बेन इथलेच.

आता भाषेचं. १९७० मध्ये जर्मनीत रॉक गायचं म्हणजे इंग्लिशमध्ये गायचं, हे कुणी ठरवलं नव्हतं पण ठरलेलंच होतं. जर्मन भाषेतली पॉप गाणी म्हणजे श्लागर, चंद्र, समुद्र, सुट्टी, प्रेम, सगळं गोड गोड, आईवडिलांच्या रेडिओवर वाजणारं. आणि त्या आधीची जर्मन सामूहिक गाणी म्हणजे थेट नाझींची कवायतीची गाणी. म्हणजे तरुण पोराला स्वतःच्याच भाषेत ओरडायची सोय राहिली नव्हती, ती भाषा एका बाजूने चिकट झालेली आणि दुसऱ्या बाजूने रक्ताळलेली. शेर्बेनच्या आधी कुणीच जर्मनमध्ये रॉक केलं नाही असं म्हणतात ते खरं नाही, न्यूरेंबर्गच्या ईरे किंडर बँडने थोडं आधी केलं होतं, पण रस्त्यावरची, शिव्या असलेली, कामावरून वैतागून आलेल्या माणसाच्या तोंडची जर्मन रियोने आणली. पोलिसांना तो 'बुलेन' म्हणतो, शब्दशः बैल, आपल्याकडे पांडू म्हणतात तसं. आणि ऐकणाऱ्याला सरळ 'डू', म्हणजे तू.

पहिली सिंगल १९७० ची. मूळ गाणं नाटकासाठीच लिहिलेलं, 'माख्ट कापुट, वास ऑइश कापुट माख्ट'. हे मराठीत आणायचं तर मी असं आणेन: जे तुमची वाट लावतंय, त्याची तुम्ही वाट लावा. मूळ वाक्य पण असंच गोल फिरतं, तेच दोन शब्द उलटे होऊन परत येतात, म्हणून तर ते भिंतीभिंतीवर गेलं. गाण्यात आहे काय तर रेडिओ वाजतो, टीव्ही चालतो, गाड्या धावतात, कारखाने बनवतात, ही नुसती यादी. विचार म्हणून बघाल तर फार खोल नाही. पण ते गाणं ऐकलं की त्याचा जोर कळतो, रियोचा आवाज फाटायच्या कडेला असतो आणि तरी फाटत नाही.

ते पहिल्यांदा मोठ्या गर्दीसमोर वाजलं तो किस्सा तर सिनेमातला वाटावा असा. सप्टेंबर १९७०, उत्तरेला बाल्टिक समुद्रातलं फेमार्न बेट, 'लव्ह अँड पीस' फेस्टिव्हल. पाऊस, थंडी, वारा, सिक्युरिटीला बोलावलेले बायकर लोकच दंगा करतायत. ६ सप्टेंबरला दुपारी अमेरिकन रॉक गिटारवाला जिमी हेंड्रिक्स वाजवून गेला, तो त्याचा फेस्टिव्हलमधला शेवटचा कार्यक्रम ठरला, पुढच्या बारा दिवसात लंडनमध्ये तो वारला. तोवर आयोजक गल्ला घेऊन गायब, बँडवाल्यांचे पैसे बुडाले. आणि अशा वेळी स्टेजवर कोण, तर शेर्बेन, बिनओळखीची पोरं, आणि गातायत काय तर वाट लावा. रियोने माईकवरून आयोजकांचा उद्धार केला, लोक आधीच चिडलेले, आणि शेवट आगीत झाला, स्टेज पण जळलं. गाण्याने आग लावली का बुडालेल्या पैशाने, ज्याने त्याने ठरवावं. पण बँडचं नाव एका रात्रीत झालं, आणि ते नाव पुढे पुसता पण आलं नाही.

रेकॉर्ड कंपन्या असल्या बँडला घेणार नव्हत्याच आणि यांना पण जायचं नव्हतं, म्हणून स्वतःचंच लेबल काढलं, डेव्हिड फोल्क्समुंड प्रोडुक्त्सियोन. डेव्हिड म्हणजे बायबलमधला गोफणीने राक्षस पाडणारा पोरगा, आणि फोल्क्समुंड म्हणजे लोकांच्या तोंडची भाषा. लोगोत बेचकी. १९७१ चा पहिला अल्बम 'वारुम गेट एस मिर झो ड्रेकिश', म्हणजे साधारण 'माझेच असे कुत्र्यासारखे हाल का'. कव्हर म्हणजे साधा पुठ्ठा, मॉडेल नाही, झगमगाट नाही. विक्री डाव्या विचारांच्या पुस्तकांच्या दुकानातून आणि कॉन्सर्टच्या बाहेर टेबल टाकून. आज इंडिपेंडंट लेबल हा शब्द सहज वापरतो आपण, त्यावेळी हे म्हणजे प्रेस, वितरण, हिशोब, डबे उचलणं सगळं स्वतः, आणि हिशोब ठेवायला कुणाला आवडत नव्हतं हे ओघाने आलंच.

आता कुऱ्हाडीच्या त्या आठवड्याकडे परत या. ३ डिसेंबर १९७१ ला टीव्हीवर टेबल. दुसऱ्याच दिवशी, ४ तारखेला, पश्चिम बर्लिनमध्ये गेओर्ग फॉन राउख हा २४ वर्षांचा तरुण, जहाल अराजकवादी गटातला, पोलिसांच्या गोळीने मेला. ८ तारखेला टेक्निकल युनिव्हर्सिटीत निषेधाची सभा झाली, त्यात शेर्बेन वाजले, आणि सभा संपल्यावर शेकडो जण उठून क्रॉइत्सबेर्गमधल्या मारियानेनप्लात्स या चौकात गेले, तिथलं बेथानियन हॉस्पिटल नुकतंच बंद पडलेलं, त्याच्या आवारात नर्सेसच्या हॉस्टेलची इमारत रिकामी, ती ताब्यात घेतली आणि तिला नाव दिलं गेओर्ग फॉन राउख हाउस. असं याआधी पण झालं होतं, त्याच वर्षी जुलैमध्ये यांच्याच कॉन्सर्टनंतर त्याच चौकातल्या एका रिकाम्या कारखान्यात लोक घुसले होते. म्हणजे बघा, कॉन्सर्ट ऐकून घरी जाण्याऐवजी लोक कॉन्सर्ट ऐकून घर घ्यायला जायचे.

हे घर घेणं म्हणजे नक्की काय ते सांगतो, कारण आपल्याकडे ताबा मारणं म्हटलं की गुंड आणि बिल्डर आठवतो. इथे उलटं. मालक, कधी कधी खुद्द महानगरपालिका, इमारत मुद्दाम रिकामी ठेवून बसलेली, आणि दुसरीकडे बेघर पोरं, सुधारगृहातून पळालेली, कामाला लागलेली पण भाडं न परवडणारी. ही पोरं आत शिरायची, दुरुस्ती करायची, मीटिंगा घेऊन नियम ठरवायची आणि मग सरकारशी करार मागायची. राउख हाउसच्या बाबतीत सरकारने शेवटी राहू दिलं, पण एप्रिल १९७२ मध्ये तिथे पोलिसांची मोठी धाड पडली. त्या धाडीवर शेर्बेनचं 'राउख-हाउस-साँग' आहे. ते भाषण देत नाही, बातमी सांगतं: चौक निळा झाला होता एवढे पोलिस होते, कोण काय म्हणालं, कुणाला उठवलं, बिल्डरांची नावं सुद्धा घेतलीयेत, आणि मग ध्रुवपदात हे आमचं घर आहे, आम्ही जाणार नाही. आपल्या शाहिरांची जी पद्धत, की घडलेलं नावागावासकट सांगायचं आणि शेवटी सगळ्यांनी धरायची ओळ द्यायची, त्याच जातीचं गाणं आहे हे, फक्त डफाच्या जागी इलेक्ट्रिक गिटार. पुढे १९८०-८१ ला पश्चिम बर्लिनमध्ये दीडशेच्या वर इमारती ताब्यात घेतल्या गेल्या तेव्हा हेच गाणं खिडक्याखिडक्यांतून वाजत होतं.

हे गाणं आलं १९७२ च्या 'कायने माख्ट फ्युर निमांड' या डबल अल्बममध्ये, आणि शेर्बेन म्हटल्यावर लोक हाच अल्बम पुढे करतात. या नावाच्या व्याकरणावर थोडं थांबतो, मला फार आवडतं ते. माख्ट म्हणजे इथे सत्ता, कायने म्हणजे 'नाही' आणि निमांड म्हणजे 'कुणी नाही'. दोन नकार. शाळेतल्या जर्मनच्या हिशोबाने दोन नकारांचा होकार व्हायला हवा, म्हणजे सगळ्यांना सत्ता. पण बोलीत दोन नकार म्हणजे डबल जोराचा नकार, कुणाकुणालाच नाही. मराठीत 'कुणालाच सत्ता नको' म्हटलं की तो खेळ गायब होतो, अर्थ राहतो. याच्याबद्दल असंही सांगतात की तेव्हा नुकतीच भूमिगत झालेली रेड आर्मी फॅक्शन, म्हणजे बंदुका आणि बॉम्बवाला गट, त्यांच्यापर्यंत हे गाणं गेलं तर त्यांनी लढ्यासाठी निरुपयोगी असा शेरा मारला. खरं असेल तर यापेक्षा मोठी पावती नाही, कारण ज्याला सत्ता हवी आहे त्याला हे गाणं निरुपयोगीच असणार.

बँड हिंसेच्या बाजूने होता का, हा प्रश्न कायम येतो. सरळ उत्तर असं की ते त्या गर्दीतलेच होते, त्यांच्या घरावर पोलिसांच्या धाडी पडायच्या, दगड मारणाऱ्यांची गाणी त्यांनी लिहिली, पण ते स्वतः कुठल्याच पार्टीच्या शिस्तीत बसले नाहीत. तेव्हा डाव्यांमध्ये दोन टोकं होती, एकीकडे माओची पुस्तकं पाठ करणारे छोटे छोटे कम्युनिस्ट पक्ष, केस कापून कारखान्याच्या गेटवर पत्रकं वाटणारे, आणि दुसरीकडे श्पोन्टी लोक, जे म्हणायचे की आधी आपण कसं जगतो ते बदला. शेर्बेन या दुसऱ्या गोटातले. म्हणून त्याच अल्बमवर बसच्या भाडेवाढीवरचं गाणं आहे, 'मेन्श मायर', मायर म्हणजे आपल्याकडे पाटील तसं कुठेही सापडणारं आडनाव, तो भाडेवाढ द्यायला नकार देतो आणि अख्खी बस त्याच्या बाजूने होते. आणि त्याच अल्बमवर माझ्याजवळ झोपायला ये असं सांगणारं हळूवार गाणं पण आहे, ज्याचं काय करायचं ते पत्रकवाल्यांना कळेना.

इथपर्यंत चढण, आता त्रास.

टेम्पलहोफर उफर ३२, कालव्याच्या कडेचं ते घर, तिथे बँड एकत्र राहायचा, आणि एकत्र म्हणजे सगळ्या जगाबरोबर एकत्र. दार उघडं. पळून आलेली पोरं, राजकीय पाहुणे, नुसते फुकटे, सगळे. शिवाय रोज फोन: अमक्या तुरुंगातल्यांसाठी कार्यक्रम आहे, तमक्या संपासाठी आहे, तुम्ही आपलेच, तुम्ही फुकट वाजवणार ना. वाजवलं तर पेट्रोलचे पैसे कोण देणार हा प्रश्न विचारायची चोरी. तिकीट लावलं तर लोक दारात भांडायचे की क्रांतीला तिकीट कसं, आणि काही जण सरळ दार ढकलून आत. प्रेमाचं गाणं गायलं तर खालून ओरडा, ते वाट लावायचं म्हणा. आपण चळवळीचा ज्यूकबॉक्स झालोय, नाणं टाका आणि घोषणा ऐका, आणि इथे तर नाणं पण टाकत नाहीत, असं बँडला वाटायला लागलं. मला या गोष्टीतला हा भाग सगळ्यात खरा वाटतो. कुणालाच सत्ता नको म्हणणाऱ्या बँडवर त्याच्याच ऑडियन्सची सत्ता आली, आणि ती पोलिसांसारखी गणवेशात नसल्यामुळे तिच्यावर गाणं पण लिहिता येईना.

१९७५ मध्ये त्यांनी गाशा गुंडाळला. अगदी उत्तरेला, डेन्मार्कच्या सीमेजवळ नॉर्थ फ्रीजलंड भागात फ्रेझेनहागेन नावाची वाडी, तिथे गवताने शाकारलेलं जुनं शेतकरी घर घेतलं आणि सगळे तिकडे गेले. बर्लिनवाले म्हणाले पळाले. त्याच वर्षी तिसरा अल्बम आला, त्यात घोषणा कमी आणि लांब, रात्रीची, प्रेमाची गाणी जास्त, त्यालाही म्हणाले मऊ पडले. पुढची सहा वर्षं शेर्बेनच्या नावाने अल्बमच नाही. पण नुसते बसून नव्हते. हांबुर्गच्या ब्र्यूवार्म या गे नाटक ग्रुपसाठी त्यांनी संगीत केलं, १९७७ आणि १९७९ असे दोन अल्बम निघाले. रियो स्वतः गे होता, आणि लक्षात घ्या, पश्चिम जर्मनीत पुरुषांच्या समलैंगिक संबंधांवरचा फौजदारी कायदा १९६९ मध्ये कुठे सैल झाला होता, पूर्ण गेला नव्हता, आणि कामगारक्रांतीवाल्या डाव्यांना पण हा विषय नंतर बघू या खात्यातला वाटायचा. त्याच घरातून बायकांचा काराम्बोलाज हा पंक बँड पण निघाला, त्याचा पहिला अल्बम १९८० ला याच लेबलवर आला. (ब्र्यूवार्ममधला कोर्नी लिटमान पुढे हांबुर्गच्या सांक्ट पाउली फुटबॉल क्लबचा अध्यक्ष झाला. या गोष्टीतली माणसं पुढे कुठे कुठे सापडतात बघा.)

१९८१ मध्ये चौथा अल्बम, डबल, काळ्या कव्हरचा, संगीत म्हणून माझ्या मते सगळ्यात समृद्ध आणि विक्रीचं म्हणाल तर हिशोबाला आधार नाही. १९८२ मध्ये नवीन मॅनेजर आली, डॉर्टमुंडच्या नाटकात ड्रामाटुर्गचं, म्हणजे नाटकाच्या संहितेवर मेहनत घ्यायचं काम केलेली क्लाउडिया रोट. हो, तीच क्लाउडिया रोट, पुढे ग्रीन पार्टीची अध्यक्ष, मग जर्मन संसदेची उपाध्यक्ष, मग २०२१ ते २०२५ केंद्रात सांस्कृतिक खात्याची राज्यमंत्री. कुणालाच सत्ता नको या बँडची मॅनेजर! पण तेव्हा तिचं काम म्हणजे फ्रेझेनहागेनच्या घरात बसून उधारी मागायला येणाऱ्यांना थोपवणं. एव्हाना नॉइए डॉइचे वेल्ले म्हणून जर्मन भाषेतल्या पॉपची लाट आली होती, मोठ्या कंपन्या जर्मनमध्ये गाणाऱ्या पोरांवर पैसे उधळत होत्या, आणि ज्यांनी ती भाषा रॉकमध्ये वापरून दाखवली ते कर्जात. १९८३ ला पाचवा अल्बम, १९८५ ला बँड बंद. भांडून नाही, पैसे संपून. रोट त्याच वर्षी ग्रीन पार्टीच्या संसदीय गटाची प्रवक्ती म्हणून गेली.

आणि रियोने काय केलं तर जे पालाट कुऱ्हाड घेऊन सांगत होता त्याच्या बरोबर उलटं, एका बड्या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीशी करार. १९८६ चा पहिला सोलो अल्बम, त्यात 'क्योनिश फॉन डॉइचलांड', मी जर्मनीचा राजा असतो तर काय काय केलं असतं असलं गमतीचं गाणं, जे खरं तर शेर्बेनच्या काळातलंच जुनं, आणि 'युनीमोंड' हे ब्रेकअपचं. दोन्ही गाजली, कर्ज फिटायला मदत झाली, जुने लोक म्हणाले विकला गेला. मला वाटतं ज्यांनी पंधरा वर्षं फुकट ऐकलं त्यांनी हे म्हणायला नको होतं. पालाट स्वतः पुढे बराच काळ इंडिपेंडंट रेकॉर्डच्या वितरणाच्या कामात होता, म्हणजे शेवटी डबे उचलायचं आणि हिशोबाचं काम कुणीतरी केलंच.

मग एक रात्र आली जी कुठल्याच प्लॅनमध्ये नव्हती. ऑक्टोबर १९८८, पूर्व बर्लिन, म्हणजे भिंतीच्या त्या बाजूला, वेर्नर झेलेनबिंडर हॉल. पूर्व जर्मनीच्या सरकारी तरुण संघटनेने रियोला बोलावलं, त्यांच्या लेखी तो भांडवलशाहीवर टीका करणारा पश्चिमेचा गायक, चालण्यासारखा. त्याने १९७२ चं जुनं गाणं काढलं, 'डेर ट्राउम इस्ट आउस', स्वप्न संपलंय. त्यात तो विचारतो की हे स्वप्न जिथे खरं झालंय असा कुठला देश आहे का पृथ्वीवर, मला नाही माहीत, एवढं मात्र नक्की माहितीये की तो हा देश नाही. १९७२ मध्ये हा देश म्हणजे पश्चिम जर्मनी. आणि आता समोर पूर्वेची हजारो पोरं, आणि त्या ओळीला पूर्ण हॉल त्याच्याबरोबर ओरडला, हा देश नाही! एक अक्षर न बदलता गाण्याचा देश बदलला. त्याचं रेकॉर्डिंग ऐकलं तर आजही काटा येतो. तेरा महिन्यांनी भिंत पडली, आणि त्याचं श्रेय गाण्याला देण्याइतका मी भोळा नाही, पण त्या हॉलमधल्या पोरांना त्या रात्री कळलं असणार की असं वाटणारे आपण एकटे नाही.

भिंत पडल्यावर १९९० मध्ये रियो पीडीएसमध्ये गेला, म्हणजे पूर्व जर्मनीच्या जुन्या सत्ताधारी पक्षाचाच नवा अवतार. सगळे जर्मनी एक झाल्याच्या आनंदात आणि हा नेमका हरलेल्यांच्या पार्टीत. रेडिओवाल्यांनी हात आखडता घेतला, कार्यक्रम कमी झाले. त्याच वर्षी अंमली पदार्थांच्या विरोधात सरकारी मदतीची एक मोहीम निघाली, नाव 'कायने माख्ट डेन ड्रोगेन', ड्रग्जना सत्ता नको. ज्या वाक्याच्या लोकांवर पोलिस सोडले होते त्या वाक्याचा साचा आता पोस्टरवर, फुटबॉलपटूंच्या फोटोसकट. घोषणा अशाच मरतात.

२० ऑगस्ट १९९६ ला फ्रेझेनहागेनच्या घरातच रियो गेला, वय ४६. खास परवानगी काढून त्याला घराच्या आवारातच पुरलं. लोक तिथे यायचे, मेणबत्त्या, गिटार, रात्रभर गाणी. पण ते घर सांभाळणं घरच्यांना झेपेना, २०११ मध्ये विकलं, आणि रियोचे अवशेष बर्लिनला शोनेबेर्गमधल्या जुन्या सांक्ट माथेउस दफनभूमीत हलवले. परीकथांवाले ग्रिम बंधू पण तिथेच आहेत.

ऑगस्ट २०२२ मध्ये क्रॉइत्सबेर्गमधल्या ओरानियनश्ट्रासवरच्या हाइनरिशप्लात्स चौकाचं नाव बदलून रियो-राइझर-प्लात्स केलं. जुनं नाव प्रशियाच्या एका राजपुत्राचं, नवं नाव जर्मनीचा राजा व्हायची थट्टा करणाऱ्याचं. समारंभाला क्लाउडिया रोट होती, तेव्हा मंत्री म्हणून. तो भाग आता असला महाग झालाय की १९७१ मधलं कुणी तिथे नव्याने घर शोधायला गेलं तर दारातूनच परत यावं. चौकातून मारियानेनश्ट्रास धरून सरळ चालत गेलं की काही मिनिटांत मारियानेनप्लात्स लागतो, आणि तिथे ते राउख हाउस अजून आहे, अजून तिथे राहणारेच ते चालवतात, मीटिंगा घेऊन.